गुण आणि कर्तृत्व



आपल्याकडे एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आले आहे. ते कोणत्याही आळीत, कोणत्याही जातीत, कोणत्याही घरात ऐकावयास मिळते. "पोरगा हुशार आहे हो, पण..." मुलीविषयी असेल तर "गळा गोड आहे हो, पण..." हे वाक्य बहुधा पुरे होत नाही. 'पण' या शब्दापाशी बोलणारा थांबतो, एक उसासा टाकतो, आणि ऐकणाराही मान हलवून गप्प बसतो. कोणी फार विचारलेच, तर "अभ्यास करीत नाही", "परिस्थिती आड आली", "नशिबात नव्हते" यांपैकी एखादे उत्तर मिळते आणि तो विषय तेथेच मिटतो.

आज आम्ही याच 'पण'विषयी बोलणार आहोत. निसर्गाने माणसाला जे दिलेले असते त्यास आपण गुण म्हणतो; त्यातून तो जे उभे करतो त्यास कर्तृत्व म्हणतो. या दोहोंच्या मध्ये किती अंतर असते, ते कशाने तोडले जाते, आणि ते तोडण्याचा भार एकट्या गुणवंतावरच असतो की त्याच्या भोवतीच्या माणसांवरही असतो, हा आजचा प्रश्न आहे.

प्रथम एक गैरसमज बाजूस सारू. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण खोटी नाही. पण पाळण्यात दिसलेले पाय चालतीलच, असे तीत कोठेही म्हटलेले नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात लुईस टर्मन नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९२१ साली एक मोठा उद्योग आरंभला. कॅलिफोर्नियातील शाळांतून बुद्धिमापनाच्या चाचण्या घेऊन त्यांनी दीड हजारांहून अधिक अत्यंत बुद्धिमान मुले निवडली आणि पुढे हयातभर त्यांच्या आयुष्याची नोंद ठेविली. त्या मुलांपैकी पुष्कळांचे चांगले झाले. ती शिकली, चांगल्या हुद्द्यांवर चढली, काही नामवंतही झाली. पण त्यांतील एकासही नोबेल पारितोषिक मिळाले नाही. उलट, चाचणी घेऊनही जी मुले त्या निवडीत बसली नाहीत, त्यांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन नावे होती. शॉकली यांना १९५६ साली आणि अल्वारेझ यांना १९६८ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. चाचण्या निरुपयोगी असतात, असे यावरून कोणी समजू नये. लहानपणी दिसलेला गुण आणि मोठेपणी घडलेले कर्तृत्व यांच्यामध्ये पुष्कळ काही घडावे लागते, आणि ते कोणत्याही मोजपट्टीवर आधी उमटत नाही, एवढेच यातून दिसते.

मग काय घडावे लागते? कोणीही सांगेल, मेहनत. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते खरेच आहे. पण घाव कोणत्या हाताचे, कोठे पडलेले, हा प्रश्न आपण विचारीत नाही. पाथरवट टाकी घेऊन दगडावर वाटेल तेथे घाव घालू लागला, तर देव घडत नाही, खडी होते. म्हणून नुसती मेहनत म्हणून चालावयाचे नाही. मेहनतीची जात पाहावी लागते.

यासाठी आपल्याच पुण्यात घडलेली एक गोष्ट पाहू. पळवणकर बाळू हे नाव आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींनी ऐकलेले असेल. चर्मकार समाजात जन्मलेला हा मुलगा. वडील पलटणीत नोकरीस. पारशी मंडळींच्या क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडण्यालोटण्याचे काम त्याने आधी केले आणि १८९० नंतरच्या काळात युरोपियनांच्या पूना क्लबात तो चार रुपयांवर लागला. तेथे खेळपट्टी राखणे, जाळी बांधणे आणि साहेब लोक फलंदाजीच्या सरावास आले की त्यांना चेंडू टाकणे, हे त्याचे काम. या क्लबात ग्रेग नावाचे एक लष्करी अधिकारी होते. ते त्या काळचे नावाजलेले फलंदाज. हे गृहस्थ इतरांच्या आधी मैदानावर येत आणि एकट्या बाळूच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाद केल्यास दर खेपेस आठ आणे बक्षीस देत, असेही सांगतात. ग्रेगला आपली फलंदाजी सुधारावयाची होती; तिच्याबरोबर बाळूची डावखुरी फिरकी सुधारत गेली.

या गोष्टीत बाळूने खूप चेंडू टाकले, एवढेच नाही. क्लबाच्या मैदानावर दिवसभर चेंडू टाकणारे नोकर इतरही असतील. पण बाळूच्या प्रत्येक चेंडूची परीक्षा तेथल्या तेथे, समोर उभ्या असलेल्या पट्टीच्या फलंदाजाकडून होत होती. टप्पा चुकला की चेंडू सीमेपार. टप्पा साधला की फलंदाज चकला. आपण काय केले आणि त्याचे काय झाले, हे क्षणाक्षणाला डोळ्यांसमोर येत होते. सोनार सोन्यास कसोटीवर घासून पाहतो, तसा हा कस दररोज लागत होता. मेहनतीच्या जोडीला असा कस असला, तरच गुण वाढतो. कमकुवत जोडीदाराबरोबर दहा वर्षे खेळणारा दहा वर्षांनी तेथेच असतो. फार तर त्याच्या चुका पक्क्या झालेल्या असतात.

पुढे बाळू मुंबईस गेला आणि हिंदू संघाचा आधारस्तंभ झाला. १९०६ साली हिंदू संघाने मुंबईत युरोपियन संघास हरविले, त्यात त्याच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. संघाने सामने जिंकले थोडे आणि गमावले पुष्कळ. पण त्या दौऱ्यात बाळूने ११४ बळी मिळविले. चार रुपयांचा नोकर ज्यांच्या मैदानावर चेंडू टाकीत असे, त्यांच्या देशात जाऊन त्याने हे केले. या गोष्टीचा उत्तरार्ध कडू आहे. त्याकडे आपण थोड्या वेळाने येऊ.

सरावाच्या बाबतीत शास्त्र काय म्हणते, तेही पाहू. १९९३ साली आंडर्स एरिक्सन आणि त्यांचे सहकारी यांनी बर्लिनच्या संगीत विद्यालयातील व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जे विद्यार्थी सर्वांत सरस होते, त्यांचा वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतचा एकट्याने केलेला रियाज सरासरीने १०,००० तासांवर गेला होता. इतरांचा पुष्कळ कमी होता. यावरून पुढे कोणी असा ताळा मांडला की, दहा हजार तास भरले की माणूस कोणत्याही विद्येत निष्णात होतो. ही समजूत फार पसरली. पण एरिक्सन यांना स्वतःला ती मान्य नव्हती. तासांच्या आकड्यात काही जादू नाही. उणीव हेरून ती भरून काढण्यासाठी, जाणत्याच्या नजरेखाली केलेला सराव हाच खरा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर २०१४ साली अशा अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली. तीत असे दिसले की, माणसामाणसांच्या कौशल्यात जो फरक पडतो, त्यापैकी सरावाने उलगडणारा भाग संगीतात सुमारे २१ टक्के आणि खेळांत सुमारे १८ टक्के आहे. म्हणजे सरावावाचून गत्यंतर नाही, आणि नुसत्या सरावाने भागतही नाही.

आता दुसरी गोष्ट. कस लागला की उणीव दिसते. पण दिसलेली उणीव मान्य करून नव्याने शिकावयास बसणे, हे फार थोड्यांना साधते. आणि गुणवंतांना तर ते इतरांहून अधिक जड जाते. कारण लहानपणापासून त्यांनी स्तुतीच ऐकलेली असते. ज्यास नेहमी पहिला म्हणून ओळखले गेले, त्यास पुन्हा शेवटच्या बाकावर जाऊन बसावयास सांगून पाहा!

पंडित मल्लिकार्जुन मन्सूर यांचा जन्म १९१० सालचा, धारवाडजवळच्या मन्सूर गावचा. त्यांचे पहिले शिक्षण मिरजेचे नीळकंठबुवा यांच्याकडे ग्वाल्हेर परंपरेचे झाले. तेथे कित्येक वर्षे राहून ते तयार गवई झाले. मैफली होऊ लागल्या, ध्वनिमुद्रिका निघाल्या, नाव झाले. सामान्य माणसाच्या हिशेबाने शिक्षण संपले. अशा वेळी, १९३५ च्या सुमारास, ते अल्लादियाखाँसाहेबांचे चिरंजीव मंजीखाँ यांच्यापुढे शिष्य म्हणून बसले. जयपूर घराण्याची ती गायकी निराळी. तिचे राग निराळे, तानेची वळणे निराळी. गळ्यावर चढलेले वळण बदलणे हे नव्या गळ्याला वळण लावण्याहून कठीण असते, हे गाणाऱ्यांना सांगावयास नको. दोन वर्षेही झाली नाहीत, तोच १९३७ साली मंजीखाँ निवर्तले. तेव्हा मन्सूरांनी त्यांचे धाकटे बंधू भुर्जीखाँ यांच्याकडे पुढची तालीम सुरू ठेवली. मन्सूरांचे जे गाणे पुढे अर्धशतकाहून अधिक काळ देशाने ऐकले, ते या दुसऱ्या शिष्यत्वातून उभे राहिले आहे. पहिल्या नावावर ते थांबले असते तर एक चांगले गवई म्हणून त्यांची गणना झाली असती. ज्यास आपण कर्तृत्व म्हणतो, ते बहुधा पहिल्या यशाच्या पलीकडे असते, आणि तिकडे जाण्यासाठी ते पहिले यश काही काळ गुंडाळून ठेवावे लागते.

कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेच कुस्तीत केले. १९२६ साली जन्मलेला हा मुलगा लाल मातीत वाढला. घरात कुस्ती होती. तालमीत जोर-बैठका, मातीत डाव, जत्रेच्या फडात इनामाच्या कुस्त्या, असा हा आपल्याकडचा शिरस्ता. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते उतरले, तेव्हा समोर माती नव्हती, गादी होती. मातीत पाय रुततो, गादीवर घसरतो. मातीतली कुस्ती चितपट होईपर्यंत चालते. तेथे मिनिटांचा हिशेब आणि गुणांची मोजणी. त्या स्पर्धेत खाशाबांचा सहावा क्रमांक लागला. गावी परत येऊन "परदेशातले पंच असेच" असे म्हणावयास त्यांना कोणी अडविले नसते, आणि लोकांनी ते मानलेही असते. त्यांनी तसे केले नाही. गादीवरची कुस्ती ही वेगळी विद्या आहे हे ओळखून ते पुढची चार वर्षे तिच्या मागे लागले. वजनाचा गटही बदलला. ५२ किलोंच्या गटातून ते ५७ किलोंच्या गटात गेले. २३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

येथवर आम्ही जे सांगितले, ते सर्व गुणवंताच्या स्वतःच्या हातचे आहे असे वाटेल. पण या खाशाबांच्या गोष्टीकडेच जरा निरखून पाहा. सहाव्या क्रमांकापासून तिसऱ्या क्रमांकापर्यंतचा रस्ता चार वर्षांचा होता, आणि त्या रस्त्यावर पैसे लागत होते. हेलसिंकीस जाण्याचा खर्च कोणी करावा? गोळेश्वर आणि भोवतालच्या लोकांनी वर्गणी जमविली. ते ज्या राजाराम महाविद्यालयात शिकले, तेथील प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर ७,००० रुपयांना गहाण टाकले. पदक घेऊन आल्यावर कराडला बैलगाड्यांची प्रचंड मिरवणूक निघाली. आणि खाशाबांनी परतल्यावर काय केले? कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरविले, त्यांत कुस्त्या मारल्या आणि त्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडविण्यास मदत केली.

हे पदक कोणाचे, असा प्रश्न आम्ही आपणांस विचारतो. गळ्यात ते खाशाबांच्या पडले. आणि ते योग्यच झाले, कारण घाम त्यांचा होता. पण खर्डेकरांनी घर गहाण टाकले नसते, तर तोच मल्ल, तेच डाव, तोच घाम, आणि पदक नाही! मग गावातली माणसे म्हणाली असती, "कुस्ती चांगली करायचा हो, पण..."

त्या 'पण'चा अर्थ येथे उलगडतो. तो अर्धा गुणवंताचा असतो आणि अर्धा आपला असतो. कष्ट करणे, उणीव मान्य करणे, पुन्हा शिकणे, हा त्याचा अर्धा. कस लागेल असे मैदान, चूक दाखवील असा जाणता आणि पोटाची विवंचना काही काळ बाजूस राहील अशी सवड, हा दुसरा अर्धा भाग भोवतीच्या समाजाने पुरवावयाचा असतो. पहिला अर्धा कोणी दुसरा करू शकत नाही. दुसरा अर्धा एकट्याने करता येत नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. खरा गुण झाकून राहत नाही. हिरा उकिरड्यावर पडला तरी चमकतोच, असे म्हणणारी मंडळी पुष्कळ आहेत. ऐकावयास हे फार बरे वाटते, कारण मग आपल्यावर काहीच जबाबदारी उरत नाही. पण या म्हणण्यात एक उघड खोट आहे. उकिरड्यावर चमकलेले हिरे आपण मोजतो. तेथेच गाडले गेलेले कोणी मोजले? जो वर आला तोच आपणांस दिसतो, आणि त्याच्याकडे बोट दाखवून आपण म्हणतो, पाहा, हा आला की नाही!

श्रीनिवास रामानुजन यांच्याइतका गणिताचा गुण फार थोड्यांना लाभला असेल. कुंभकोणमचा हा मुलगा महाविद्यालयाच्या परीक्षेत नापास झाला, कारण गणितावाचून दुसऱ्या विषयाकडे त्याचे लक्षच नसे. शिष्यवृत्ती गेली. हाताशी एक जुने, हजारो सिद्धांतांची नुसती जंत्री असलेले पुस्तक. आसपास कोणी त्या तोडीचा जाणता नाही. त्या काळात त्याने एकट्याने जे शोधले, त्यात अपूर्व असे पुष्कळ होते. पण युरोपात पूर्वीच सिद्ध होऊन गेलेलेही पुष्कळ होते. म्हणजे अशा बुद्धीची मोलाची वर्षे झालेलेच पुन्हा शोधण्यात खर्ची पडली. या काळात रामचंद्र राव नावाच्या गणितप्रेमी अधिकाऱ्याने काही दिवस त्याच्या महिन्याच्या खर्चाची सोय केली. नंतर मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये महिना तीस रुपयांची कारकुनी मिळाली. १९१३ च्या जानेवारीत त्याने केंब्रिजच्या हार्डी यांस पत्र लिहिले, हार्डींनी ते वाचले, आणि पुढचे सर्वांस ठाऊक आहे. १९१८ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले आणि १९२० साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तो गेला. आता त्या पत्राच्या जागी दुसरे घडले असते अशी कल्पना करा. अनोळखी कारकुनाचे, विचित्र सूत्रांनी भरलेले पत्र केराच्या टोपलीत टाकणे ही अगदी साधी गोष्ट होती. मग रामानुजन हे नाव आज आपणांस माहीत नसते. आणि ते माहीत नाही हेही आपणांस माहीत नसते. या विचाराने माणसाची झोप उडावी!

आपल्या महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर एकच हिशेब पुरेसा आहे. खाशाबांचे पदक १९५२ चे. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूस ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळाले ते २०२४ साली, पॅरिसला, कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांस, रायफल नेमबाजीत. मधली वर्षे ७२. या ७२ वर्षांत सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना बळकट मनगटे आणि तीक्ष्ण डोळे जन्मास आलेच नाहीत काय? असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. अपंग खेळाडूंच्या स्पर्धेत तर सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ सालीच हायडेलबर्ग येथे जलतरणात सुवर्णपदक मिळविले होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेला हा सैनिक आधी मुष्टियुद्ध खेळत असे. शरीराने एक वाट बंद केली, तेव्हा त्यांनी पाण्यातली वाट धरली. माण तालुक्यातील मोही या दुष्काळी गावची ललिता बाबर २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. गुणांचा दुष्काळ आपल्याकडे कधीच नव्हता. वाटेचा होता. कुसाळे हे राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आले आणि पदक मिळविले तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनिसाच्या नोकरीत होते. शिकण्याची सोय आणि पोटाची सोय या दोन साध्या गोष्टी त्यामागे आहेत, हे विसरू नये.

आता पळवणकर बाळूच्या गोष्टीचा उत्तरार्ध. ज्या काळात तो हिंदू संघाला सामने जिंकून देत होता, त्याच काळात पुण्यात त्याचे सहकारी चहाला क्लबाच्या इमारतीत बसत आणि बाळूला बाहेर, फेकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणास पान वेगळे. मैदानावर त्याच्या हातचा चेंडू चालत होता. पंगतीत तो हात चालत नव्हता. पुढे परिस्थिती काहीशी निवळली. पण हिंदू संघाचे कर्णधारपद त्यास कधीच मिळाले नाही. १९२३ साली त्याचे धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले, तेव्हा ते दार उघडले. बाळूच्या बाबतीत त्याच्या वाट्याचा अर्धा भाग काठोकाठ भरलेला होता. आपला अर्धा आपण मोजून मापून, हात आखडून दिला. १९५५ साली बाळू वारले. त्यांनी नेतृत्व केले असते तर काय झाले असते, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. असे नुकसान जमाखर्चाच्या कोणत्याही वहीत दिसत नाही; म्हणून ते झालेच नाही असे आपण समजतो.

आजही दारे बंद करण्याच्या रीती संपलेल्या नाहीत. त्यांची रूपे पालटली. एकाच घरात मुलगा परीक्षेस बसला की दूरदर्शन संच बंद होतो, आणि मुलगी रियाजास बसली की तिला पोळ्या लाटावयास हाक येते. खेड्यातल्या मुलास शहरातल्या स्पर्धेस जावयाचे तर एस.टी.च्या भाड्यापासून अडचण सुरू होते. आणि शिकलेल्या घरांत निराळेच संकट आहे. तेथे सवड आहे, पैसा आहे, शिकवण्या आहेत; फक्त चुकण्याची मुभा नाही. पहिल्या स्पर्धेत सहावा आलेला मुलगा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वर्गास घातला जातो. खाशाबांचे वडीलधारे असे वागले असते तर?

याचा अर्थ गुणवंताने हातपाय गाळून समाजाच्या नावाने बोटे मोडीत बसावे, असा कोणी करील तर तो अनर्थ होईल. बाळूने चेंडू टाकला नसता तर ग्रेगला काही दिसले नसते. रामानुजनने वह्याच्या वह्या भरल्या नसत्या तर हार्डींना पाठवावयास काही नसते. तरुण मंडळी येथे बसली आहेत, त्यांना आमचे सांगणे एवढेच की, दार उघडेल तेव्हा आपण आत पाऊल टाकण्याजोगे तयार असावे. दार उघडण्याची वाट पाहत अंगणात झोपून राहिलेल्यास उघडे दारही उपयोगी पडत नाही. आपल्याहून सरस असेल त्याच्याबरोबर खेळा, त्याच्यासमोर गा, त्यास आपले लिखाण दाखवा. हार लवकर पत्करा. उशिरा पत्करलेली हार सुधारावयास वेळ पुरत नाही.

आणि आपणां वडील मंडळींना काय सांगावे? आपण सर्वांनी घरे गहाण टाकावीत, असे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण तीन गोष्टी कोणत्याही गावाला करता येण्याजोग्या आहेत. पहिली, लहान मुलाच्या गुणाची स्तुती जपून करावी आणि त्यास लवकर एखाद्या जाणत्याच्या समोर नेऊन उभे करावे. आपल्या टाळीपेक्षा त्या जाणत्याची एक दुरुस्ती अधिक मोलाची असते. दुसरी, गावातले वाचनालय, तालीम, मैदान, शाळेची प्रयोगशाळा ही संध्याकाळनंतरही उघडी राहावीत, याचा आग्रह धरावा. कारण ज्याच्या घरी एकच खोली आहे, त्याचा अभ्यास, त्याचा सराव कोठे व्हावा, याचे दुसरे उत्तर नाही. तिसरी, दहा घरांनी मिळून एका मुलाचा किंवा मुलीचा भार चार वर्षे उचलावा. चार वर्षे म्हणण्याचे कारण आहे. बक्षीस मिळाल्यावर हार घालणारे हात पुष्कळ असतात. सहावा क्रमांक आल्यावर पाठीवर पडणारा हात हवा असतो, आणि १९४८ पासून १९५२ पर्यंतचे अंतर चार वर्षांचेच होते.

मे महिन्याच्या उकाड्यात, दिवसभराचे काम आटोपून, आपण येथे दोन घटका ऐकावयास येऊन बसता. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात अशी व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून गावोगावी ही रीत चालत आली आहे. ज्ञान हे मूठभरांच्या घरात कोंडून राहू नये, ते चव्हाट्यावर यावे, हाच तिच्यामागचा हेतू. गुणांचेही तसेच करावयास हवे. आज घरी जाताना आपल्या आळीतले, आपल्या नात्यातले, आपल्या घरी कामास येणाऱ्या बाईचे, असे एखादे मूल आठवून पाहा की, ज्याच्याविषयी आपण 'पण' म्हणून थांबलो आहोत. त्या 'पण'मधला त्याचा अर्धा कोणता आणि आपला अर्धा कोणता, याचा हिशेब मनाशी करा. त्याचा अर्धा त्यास करू द्या. आपल्या अर्ध्यापैकी काय देता येईल, ते उद्या सकाळी जाऊन त्या घरी सांगा.